आतली शिवण

७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

काल सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कंबरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचं अंग बधिर केलं होतं, मी पूर्ण शुद्धीवर होते. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग बघा." आणि पडदा माझ्याकडे वळवला.

सोळा वर्षं मुलांना सांधे शिकवतेय. फळ्यावर गुडघा काढते तो म्हणजे दोन हाडं आणि मध्ये एक रेघ. काल ती रेघ पाहिली. पाण्याखाली दिसावा तसा पांढरा, गुळगुळीत, चंद्रकोरीसारखा तुकडा, दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस). शहाळ्यातल्या मलईचा रंग, पण चांगला चिवट. गुडघ्यात सलाइनचं पाणी भरून आतली जागा फुगवतात. एका भोकातून चार मिलिमीटरची दुर्बीण जाते, दुसऱ्यातून हत्यारं. डॉक्टरांनी बारीक आकडीने त्या गादीची कड उचलली आणि ती उसवलेल्या खिशासारखी वर आली. "ही बघा, इथे फाटलीय. कडेलाच आहे. शिवता येईल."

माझे डोळे भरून आले. भूल देणाऱ्या बाईंना वाटलं मला दुखतंय. दुखत नव्हतं. गेला महिनाभर मी याच एका वाक्याची वाट पाहत होते.

२ जुलैला भाताच्या लावणीला उतरले होते. शाळेला सुट्टी होती, गडी माणसं कमी, आणि पावसाने छान जोर धरला होता. दोन्ही पाय पोटरीपर्यंत चिखलात. मागून तरव्याची (भाताच्या रोपांची) मूठ घ्यायला कंबरेतून वळले. अंग वळलं, पाय चिखलाने धरून ठेवला. आत काहीतरी कट्‌ झालं. तेव्हा फार दुखलंही नाही. उरलेला वाफा लावून मगच बांधावर आले. रात्री गुडघा सुजला, आणि आठ दिवसांनी जिना उतरताना अडकला तो सरळ होईना. एमआरआयमध्ये कळलं की आतल्या बाजूची गादी मागच्या टोकाला उभी फाटलीय.

डॉक्टरांनी दोन्ही शक्यता आधीच समजावल्या होत्या. फाटलेला भाग कापून काढला, तर थोड्या दिवसांत चालाल, महिना-दीड महिन्यात कामाला लागाल. शिवला, तर सहा आठवडे ब्रेस (गुडघा धरून ठेवणारा पट्टा) आणि वॉकर, सहा महिने उकिडवं बसायचं नाही, आणि एवढं करूनही टाके धरतीलच अशी खात्री नाही. या गादीला रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या कडेला. आतला भाग सांध्यातल्या द्रवावर जगतो, तिथली जखम सहसा भरत नाही. म्हणून कुठे फाटलंय यावर सगळं अवलंबून. मी दोन्हींसाठी सही केली, पण तोंडाने सांगितलं, "शिवता आली तर शिवाच."

का, ते मामा आले की लिहीन.

८ ऑगस्ट

घरी आले. गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून चिपळूणच्या खड्ड्यांतून. बाहेरून पाहिलं तर गुडघ्यावर दोन छोट्या पट्ट्या, बाकी काही नाही. शेजारच्या काकू बघायला आल्या, म्हणाल्या, "एवढंच होय? मग चतुर्थीपर्यंत पळायला लागशील." त्यांच्या बोलण्यात मायाच होती. पण मला एकदम एकटं वाटलं.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

भाऊ आला, राखी बांधली. मी पलंगावर, तो खुर्चीत. ओवाळायला उभी राहिले तेव्हा वॉकर सोडता येईना, मग तबक लेकीने धरलं आणि मी एका हाताने ओवाळलं.

रात्री आईंनी (सासूबाईंनी) हळूच येऊन गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. इतका आराम वाटला की डोळे मिटले. अर्ध्या तासाने आठवलं आणि काढायला लावली. उशी टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली कधीच नाही. गुडघा तसाच वाकलेला राहिला तर पूर्ण सरळ व्हायचं विसरतो, आणि सरळ न होणारा गुडघा घेऊन माणूस जन्मभर लंगडतो. आईंना हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला. "मी आपलं बरं वाटावं म्हणून गो." मला माहीत आहे. आज दिवसभरात सगळ्यात जास्त तेच लागलं, गुडघ्यापेक्षाही.

११ ऑगस्ट

आज पाचवा दिवस, आणि आज मला पहिल्यांदा भीती वाटली.

फिजिओथेरपीच्या ताई घरी येतात. गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवतात, दाबायला सांगतात आणि लगेच काढून घेतात. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. उजव्या पायाला सांगितलं, त्याने केलं. डाव्याला सांगितलं, काहीच नाही. मी मांडीकडे बघत होते आणि ती माझी नसल्यासारखी पडून होती. दुखत नव्हतं, बधिर नव्हती. हाक मारली तर ओ देत नव्हती, इतकंच.

ताई म्हणाल्या, असं होतंच. सांध्यात पाणी साचलं की तिथून मज्जारज्जूकडे निरोप जातो आणि मज्जारज्जू त्या स्नायूला थोपवून धरतो. वीस-तीस मिलिलिटर पाणीसुद्धा मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूला गप्प करायला पुरतं. म्हणजे औषधाच्या बाटलीच्या टोपणाने दोन-तीन टोपणं. दहावीला मी प्रतिक्षिप्त क्रिया शिकवते. गरम तव्याला हात लागला की मेंदूला विचारायच्या आधी हात मागे येतो, हे उदाहरण देते. तीच व्यवस्था उलट बाजूने एखादा अवयव गप्प करू शकते हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी वर्गात हे सांगणार.

म्हणून सूज उतरवणं हेच आत्ताचं खरं काम. शेकायच्या रबरी पिशवीत बर्फ, खाली पंचा, पंधरा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. घोटा वर-खाली, दर तासाला, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून.

१३ ऑगस्ट

आली. संध्याकाळी सव्वासहाला, मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर. मासा हलावा तशी एक वळवळ. लेक बघत होती, तीच ओरडली, "आई, हलली!" मी पुन्हा दाबलं, पुन्हा हलली. आईंनी देवापुढे साखर ठेवली.

१६ ऑगस्ट

काल मामा आले. वय पंच्याहत्तर. एसटीने, काठी घेऊन, त्या पायाने तीन पायऱ्या चढून.

मामा लालबागला गिरणीत होते. संध्याकाळी पाळी सुटली की कबड्डी. १९७४ साली चढाईत पाय रोवलेला असताना दोघांनी धरून फिरवलं आणि माझ्यासारखाच कट्‌ आवाज आला. तेव्हा गुडघा उघडून ऑपरेशन करायचे. फाटलेली गादी पूर्णच काढून टाकायचे. त्यात कुणाची चूक नव्हती. ही गादी म्हणजे गर्भावस्थेतल्या स्नायूचा उरलेला निरुपयोगी तुकडा, अशी समजूत फार जुनी होती. फेअरबँक नावाच्या इंग्रज शल्यचिकित्सकाने १९४८ सालीच दाखवलं होतं, की ती काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये पुढे बदल दिसतात, हाडांमधली फट कमी होते, कडा सपाट होतात. पण ते पटून हातातली सुरी थांबायला पुढची कितीतरी वर्षं गेली. मामांचा गुडघा त्या वर्षांमध्ये सापडला.

ते पुन्हा खेळलेही. दहा वर्षं काही जाणवलं नाही, असं सांगतात. मग हळूहळू पाय कंसासारखा बाहेर वाकत गेला. आतल्या बाजूची गादी नाही, म्हणजे हाडावर हाड. मी लहान असताना मामा जेवायला पाटावर बसायचे ते डावा पाय लांब सोडून. पंगतीत लोक त्यांच्या पायाला वळसा घालून वाढायचे. आम्हा मुलांना वाटायचं ती मामांची ऐटच आहे.

काल त्यांनी पायजमा वर केला आणि आपला गुडघा माझ्या गुडघ्याशेजारी आणला. त्यांच्या आतल्या बाजूला वीतभर व्रण, एक्कावन्न वर्षांचा. माझ्याकडे दोन पट्ट्या. बराच वेळ बघत राहिले.

"काढली का?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. शिवली."

"शिवतात?" त्यांनी दोनदा विचारलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग संभाळ बाय. घाई करू नको. माझ्यासारखी घाई करू नको."

रात्री वाचत पडले होते. गुडघ्यात दुर्बीण घालणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक म्हणजे टोकियोचे केन्जी ताकागी, १९१८ साली. मूत्राशय बघायची नळी त्यांनी मृत माणसाच्या गुडघ्यात घालून पाहिली. तिकडे क्षयाने गुडघे आखडत, आणि ज्या देशात लोक जमिनीवर गुडघे दुमडून बसतात, तिथे आखडलेला गुडघा म्हणजे चारचौघांत बसण्यातूनच उठणं. रोग लवकर ओळखता यावा म्हणून त्यांना आत डोकावायचं होतं. त्यांचेच शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे चांगली दुर्बीण बनवली आणि १९६२ साली तिच्यातून गादीचा फक्त फाटलेला भाग कापला. म्हणजे मामांच्या आधी बारा वर्षं. टोकियोहून लालबागपर्यंत यायला वेळ लागला.

जमिनीवर बसणाऱ्या माणसांनी हे घडवलं, याने मला फार बरं वाटलं. आमच्या पंगतीत पाय लांब करून बसलेले मामा त्यांना लगेच कळले असते.

१९ ऑगस्ट

टाके काढले. बाहेरचे. पाय ८० अंशांपर्यंत वाकतो. ९० च्या पुढे अजून परवानगी नाही, कारण त्यापुढे गादीचं मागचं टोक हाडांमध्ये दाबलं जातं आणि शिवण नेमकी तिथेच आहे.

२३ ऑगस्ट

काल रात्री दोन वाजता तहान लागली. अर्धवट झोपेत उठले आणि वॉकर न घेता, ब्रेस न लावता दोन पावलं टाकली. तिसऱ्याला जाग आली. तशीच भिंतीला धरून उभी राहिले, हाक मारायचा धीर होईना. नवऱ्याने येऊन पलंगावर बसवलं. त्याने काही विचारलं नाही, नुसता पाय धरून बसला.

सकाळपर्यंत झोप नाही. बाहेरून काही कळत नाही ना! कापडाची शिवण उसवली तर दिसते. ही आत आहे. डॉक्टरांना फोन केला. सूज वाढली का, अडकतोय का, नवीन ठिकाणी दुखतंय का, असं सगळं विचारलं. तिन्हीला नाही. म्हणाले, दोन पावलांनी सहसा काही होत नाही, पण पुन्हा नको. नवऱ्याने आता वॉकर पलंगाला असा टेकवून ठेवलाय की तो हलवल्याशिवाय मला उतरताच येणार नाही.

बरं होण्यातलं हे सगळ्यात कठीण आहे, असं मला आज वाटतं. दुखणं आता जवळजवळ गेलंय. दुखत होतं तोवर शरीर स्वतःच राखण करत होतं. आता राखण मला करायचीय.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

बरोबर तीन आठवडे.

लग्न होऊन आले तेव्हापासून मोदक स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होतात. आई, जाऊबाई, मी, मध्ये उकडीची परात. यंदा मी मनाची तयारी केली होती की आपण बाहेर पलंगावर बसून आवाज ऐकायचे. पहाटे उठले तर आईंनी परात जेवायच्या टेबलावर मांडलेली. माझ्यासाठी खुर्ची, समोर दुसरी खुर्ची पाय ठेवायला, तिच्यावर उशी. टाचेखाली. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. त्यांना टेबलाची सवय नाही, उकड मळताना हातात जोर येत नव्हता, तरी एकवीस मोदक तिथेच झाले.

आरतीला ब्रेसला कुलूप लावून वॉकरला धरून उभी होते. सगळे वाकून पाया पडले. मी हात जोडले. गुरुजी म्हणाले, "पोचला."

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. नववीची मुलं आली, सहा जणी आणि तिघे. एकीने मापनपट्टी आणलेली, कारण मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं की मांडीचा घेर मोजते. गुडघ्याच्या वाटीवर दहा सेंटिमीटरला खूण करून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी अजून साडेतीन सेंटिमीटरने बारीक. महिन्याभरात इतकी झिजली. "मॅडम, परत येईल ना?" येईल. पण जायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ घेऊन.

१७ सप्टेंबर

सहा आठवडे. डॉक्टरांनी पाय वाकवून, फिरवून पाहिला. सूज नाही, दाबल्यावर दुखत नाही, पूर्ण सरळ होतो. ब्रेसचं कुलूप काढलं. वॉकर गेला, आता एक कुबडी, पंधरा दिवसांनी तीही नाही. ९० ची मर्यादा उठली. टेबलावर टाच सरकवत सरकवत ताईंनी मोजलं तर ९८.

परतताना नवऱ्याने विचारलं, घरी की शेतावर? गाडी रस्त्यावर लावली, मी कुबडी घेऊन कडेलाच उभी राहिले, बांधावर उतरायची परवानगी नाही. भात निसवलंय. आम्ही लावलेले वाफे कुठले ते इथून ओळखू येत नाही, सगळं एकसारखं हिरवं. दुपारचा वारा सुटला की लोंब्या एका बाजूला कलत होत्या.

तिथूनच मामांना फोन लावला.

"किती?" ते रोज हेच विचारतात.

"अठ्ठ्याण्णव."

"आणि मांडी कधी घालशील?"

"फेब्रुवारीत, सगळं नीट झालं तर."

पलीकडे थोडा वेळ गिरणीतल्या माणसाची ती दमदार शांतता. मग म्हणाले, "फेब्रुवारीत येतो मग. पाटावर जेवायला घाल. तू मांडी घाल, मी पाय लांब करतो."