तांब्याचा तळ

स्मरणिकेसाठी दोन पाने मजकूर द्यावा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा आमच्या तुकडीविषयी, गॅदरिंगविषयी आणि मैदानाकडेच्या चिंचेविषयी लिहायचे मी मनाशी ठरवले होते. लिहायला बसल्यावर मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या वर्गापलीकडे लेखणी सरकेना, म्हणून तिथेच थांबते. त्या वर्गात तीन दशकांहून अधिक काळ शिकवणाऱ्या बाई तुम्हां सर्वांच्या बाई होत्या. माझी ती सख्खी आत्या. घरात ‘अगं आत्या’ आणि शाळेच्या फाटकातून पाऊल आत पडले की ‘अहो बाई’, हा नियम तिनेच मला पाचवीत घालून दिला होता आणि इथेही मी तो पाळणार आहे. गेल्या वर्षी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ती गेली.

मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत शिकून, चित्रकला शिक्षकाची पदविका घेऊन आत्या पुण्याला परतली आणि आपल्या शाळेत रुजू झाली, तेव्हा आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत नदीच्या बाजूच्या एका वाड्यात, तळमजल्यावर होते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. माणसे वेळेवर बाहेर पडली, पण शिक्षणाच्या काळातली तिची सगळी चित्रे पलंगाखालच्या ट्रंकेत राहून गेली. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आत कागद असे उरलेच नव्हते, गाळ आणि रंग यांचा एक लगदा होता, असे आजी सांगत असे. आत्याने त्याबद्दल कधी हळहळ व्यक्त केलेली मी ऐकली नाही. मात्र मुलांचे कागद खालच्या फळीवर ठेवलेले तिला कधीच चालले नाहीत. ते कायम कपाटाच्या वरच्या खणात किंवा घरच्या माळ्यावर असत.

ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहिते आहे, तो अगदी लहान आहे. मी आठवीत होते, एलिमेंटरीची तयारी चालू होती आणि गुरुवारी दुपारचे दोन तास जोडून चित्रकलेला मिळत. स्टुलावर निळ्या कापडाची एक चुणी सोडून बाईंनी त्यावर पितळी तांब्या आणि दोन वांगी मांडली होती. मी तांब्याचे तोंड व्यवस्थित लंबवर्तुळाकार काढले, पोटाचा फुगवटाही जमला, पण तळाशी सरळ आडवी रेघ मारली. बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मुलांच्या कागदाला त्या स्वतःची पेन्सिल कधीही लावत नसत, कोणाच्याही नाही, हे तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. त्यांनी खिडकीतला रंगाच्या पाण्याचा काचेचा पेला उचलला, ओतून स्वच्छ केला, अर्धा भरला आणि माझ्यासमोर ठेवला. “याची तीन तोंडे बघ,” त्या म्हणाल्या. “काठ, पाणी आणि तळ. सर्वांत गोल कोणते दिसते?” मी पाहिले. काठ चपटा होता, पाण्याची कड त्याहून गोल आणि तळ सर्वांत गोल. मग पेला त्यांनी हळूहळू माझ्या डोळ्यांसमोर उंच धरत नेला, तसा काठ मिटत मिटत नुसती एक रेघ झाला. “तांब्या स्टुलावर सपाट टेकलेला असतो, हे तुला ठाऊक आहे, म्हणून तू सरळ रेघ काढलीस. ठाऊक असलेले काढू नकोस, दिसते ते काढ.”

एवढे समजावूनही चित्राला दहापैकी चारच गुण पडले. रात्री पानावर बसल्यावर मला रडू आवरेना, तेव्हा आई न राहवून म्हणाली, “अहो वन्सं, घरचीच मुलगी आहे, दोन गुण जास्त दिले असते तर काय बिघडले असते?” आत्याने शांतपणे उत्तर दिले, “वहिनी, शाळेत तिला आत्या नाही.” आणि मग, आपल्या आमटीच्या वाटीभोवती बोट फिरवून, अगदी घरच्या मऊ आवाजात मला विचारले, “हिचे तोंड इथून कसे दिसते गं?” मी डोळे पुसून वाटीकडे पाहू लागले. त्या दिवसापासून समोरच्या वस्तूकडे पाहण्याची माझी रीतच पालटली, असे मला मनापासून वाटते.

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला बाई आम्हांला स्केचिंगला नेत, तेही याचसाठी. आठव्या शतकात एकाच खडकात कोरलेल्या त्या लेण्यापुढचा वर्तुळाकार नंदीमंडप पायरीवर बसून काढायला घेतला, की छताच्या कडेची वळणे पुन्हा तांब्याची आठवण करून देत. विश्रामबागवाड्याचे सुरूचे खांब आणि केळकर संग्रहालयातले दिवेही आम्ही काढले, पण माझ्या मनात घर करून राहिला तो नंदीमंडपच.

पुढे मी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि गेली अठ्ठावीस वर्षे पॅथॉलॉजिस्ट म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहते आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी गुलाबी आणि जांभळी पेन्सिल देऊन स्लाइडचे चित्र काढायला सांगते. पुष्कळ जण समोरची स्लाइड न पाहता पुस्तकातली पाठ झालेली आकृती काढतात. इओसिनने गुलाबी झालेला भाग आणि हिमॅटॉक्सिलिनने जांभळी झालेली केंद्रके यांच्या कडा ते एकसारख्या गोल करून टाकतात, आणि नेमका त्या कडांच्या वेडेवाकडेपणातच आजार दिसत असतो. अशा वेळी मी त्यांच्या कागदाला हात लावत नाही. पुन्हा पाहा, एवढेच सांगते.

शाळेत अलीकडे आले होते तेव्हा दुसऱ्या मजल्यावर गेले. उत्तरेकडची ती मोठी खिडकी, जिच्यातून कधी थेट ऊन येत नसे आणि म्हणूनच सावल्या दिवसभर जागच्या जागी राहत, ती आता पडद्याच्या यंत्रणेसाठी काळ्या कापडाने कायमची झाकली आहे. नव्या सोयी हव्यात, हे मला मान्य आहे. पण शाळेच्या इमारतीत तसा उजेड दुसरीकडे कुठेही नाही, आणि तो मुलांना परत मिळावा, अशी माझी व्यवस्थापनाला कळकळीची विनंती आहे.

शेवटच्या आठ-नऊ वर्षांत आत्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजत गेला. समोर पाहिले की मधोमध धूसर डाग आणि कडेचे तेवढे दिसे, म्हणून ती मान किंचित वळवून बोलणाऱ्याकडे पाहायची. संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले की ती म्हणे, “समोर काय आहे ते सांग.” मी सांगायची, तांब्या-भांडे आहे. “ते मलाही ठाऊक आहे. उजेड कुठून येतोय? सावली कुठे संपते? भांड्याचे प्रतिबिंब तांब्याच्या पोटात पडलेय का?” मी एकेक सांगत जाई आणि मांडीवर तिचे बोट त्याप्रमाणे हळूहळू फिरत राही. उत्तर घाईत दिले तर तिला तत्काळ कळे आणि बोट थांबे.

तिच्या पश्चात माळ्यावरून चौदा गाठोडी खाली काढली. आपल्यापैकी अनेकांनी वर्गात टाकून दिलेली, चुरगळलेली, वर्षअखेरीला न नेलेली चित्रे तिने सपाट करून, सालवार लावून, नाडीने बांधून ठेवली होती. प्रत्येकामागे पेन्सिलीने नाव आणि तुकडी आहे. माझा तांब्याही त्यात सापडला. समासात चार गुण आहेत आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘पोट छान’ असे लिहिले आहे, जे मी त्या दिवशी वाचलेच नव्हते. ही सर्व गाठोडी मी महोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवण्यासाठी शाळेत आणून देत आहे. ज्यांची चित्रे असतील त्यांनी ती ओळखून अवश्य घरी न्यावीत. कागद जुने झाले आहेत, तेव्हा ते दोन्ही हातांनी, कडेने धरावेत. बाईंना तसेच धरलेले आवडत असे.