25 टनांचा लाडू

डेन्व्हरला आल्यापासून जानेवारी संपता संपता डोंगरातल्या ब्रेकनरिज गावी बर्फाच्या शिल्पांची स्पर्धा बघायला जायचं हे आमचं ठरलेलं, आणि हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकून "पुढच्या वर्षी नाही हं" म्हणायचं हेही ठरलेलंच. यंदा आई सोबत होती. साताऱ्याची बाई, जन्मात एवढा बर्फ बघितलेला नाही, तरी गाडीतून उतरल्यावर पहिलं वाक्य काय, तर "हे पार्किंगमध्येच मांडलंय होय?"

हो, पार्किंगमध्येच. तिथे मोठे लाकडी साचे उभे करतात, त्यात बर्फ भरतात आणि माणसं आत उतरून चिखल तुडवावा तसा तो पायांनी तुडवतात, मग साचा काढला की 12 फूट उंच, 20-25 टनांचा ठोकळा तयार. बर्फही मशीनने केलेला, कारण इथे आभाळातून पडतो तो इतका कोरडा नि भुसभुशीत की तूप कमी पडलेलं बेसनच, कितीही दाबा, लाडू वळत नाही.

एका टीममध्ये चौघं, देशोदेशीचे. विजेवरची हत्यारं चालत नाहीत, रंग नाही, आत तार-काठीचा आधार नाही, जे काय ते हाताने. फावडी, करवती, घरी ठोकून आणलेल्या कसल्या कसल्या जाळ्या, आणि एक दाढीवाला तर शिडीवर उभा राहून चक्क बटाट्याच्या सोलाण्याने नाक तासत होता. आई तिथून हलेचना. तुकडा निघाला तर बर्फात पाणी कालवून तो लगदा लावतात, मिनिटात घट्ट. उन्हाच्या बाजूला ताडपत्र्या बांधलेल्या, त्या बघून म्हणाली, "परतीचा पाऊस आला की तुम्ही किल्ल्यावर पोती टाकायचात ना, तसंच की."

मग मला दुसरं काही दिसेना. लोक याला गणपती विसर्जनाची उपमा देतात, मला ती पटत नाही, तिथे निरोप असतो, रडू येतं. इथे बक्षिसं झाली, चार दिवस फोटो काढून झाले की सरळ पाडून टाकतात, जागा मोकळी. हा दिवाळीचा किल्लाच. अळीव पिवळं पडलेलं, एका मावळ्याची मान मोडलेली, आणि आई ओरडतेय, आता अंगण मोकळं करा.

लेकीने तेवढ्यात फोनवर शोधून काढलं की 1494 साली फ्लॉरेन्समध्ये खूप बर्फ पडला तेव्हा तिथला सत्ताधारी पिएरो मेदिची याने 18 वर्षांच्या मायकेलअँजेलोकडून वाड्याच्या चौकात बर्फाचा पुतळा करून घेतला होता. त्याचं बाकी काय काय म्युझियममध्ये जपलंय, हा पुतळा कसा दिसत होता तेही कुणाला माहीत नाही. आई म्हणाली, "त्याला पैसे मिळाले का पण?"

घरी आल्यावर लेकीने रिसायकलिंगच्या डब्यात बर्फ भरला, पाण्याचे हबके मारत तुडवला आणि उपडा केला. आजी नि नात अंधार पडेपर्यंत मागच्या अंगणात. तटबंदी बरी झाली, बुरूज एकच, लेगोचे मावळे. त्या दिवसापासून माझा बटाटे सोलायचा पीलर सापडेना, दोघीही कानावर हात ठेवतायत. डेन्व्हरचं ऊन कडक, पाचव्या दिवशी बुरूज बसला आणि त्यातून पीलर निघाला.