एकटीसाठी बोट शोधताना : बडोद्याहून बेर्लेवोगपर्यंत

क्रूझच्या जाहिरातीत मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : 'दर प्रतिव्यक्ती, एका केबिनमध्ये दोघे धरून'. एकटं माणूस चौकशीला गेलं की ही ओळ अंगावर येते. केबिन तेवढीच, पलंग तेवढाच, आणि जो आलेलाच नाही त्याचंही भाडं आपणच भरायचं. काही कंपन्या दीडपट घेतात, कित्येक सरळ दुप्पट. त्याला 'सिंगल सप्लिमेंट' म्हणतात. हॉटेलात एकटीने खोली घेतली तरी अख्ख्या खोलीचं भाडं लागतं, ते मला पटतं. पण बोटीच्या दरात दोन्ही वेळचं जेवण, चहापाणी, करमणूक सगळं धरलेलं असतं. त्या दुसऱ्या माणसाचं ताट कोणी वाढत नाही, कोणी जेवत नाही, पैसे मात्र वसूल होतात. मला याचा राग आहे आणि इतका फिरून आल्यावरही तो गेलेला नाही.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. रेल्वेत नोकरी केली, बहुतेक वर्षं प्रतापनगरला, माल आणि पार्सलच्या हिशेबात. लग्न केलं नाही. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, आता एक मोठी ट्रिप तुझ्या मनासारखी कर." माझ्या मनात समुद्र आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अलकापुरीतल्या एका टूरवाल्याकडे गेले. त्याने संगणकावरून मान वर केली आणि विचारलं, "बेन, एकलां ज जवानां छो?" मग, "साथे कोई नथी?" मग, एखादी मैत्रीण शोधा ना, स्वस्तात पडेल. कुठे जायचंय, हे त्याने सगळ्यात शेवटी विचारलं. माणूस वाईट नव्हता, चहाही पाजला. पण एकट्या बाईचा प्रवास ही आधी सोडवायची अडचण आहे, असाच त्याचा सूर होता, आणि तोच सूर मला पुढे कितीतरी ठिकाणी ऐकू आला.

कमाटी बागेतलं म्युझियम बघत लहानाचे मोठे झालेले बडोदेकर पुढचं समजून घेतील. तिथे इजिप्तची ममी आहे आणि निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडाही आहे, महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा. शाळेच्या सहलीत बाकीच्या मुली ममीपाशी घोटाळायच्या आणि मी सांगाड्यापाशी. त्यामुळे नाईलची क्रूझ यादीत होती, पण वरच्या नंबरावर नव्हती. लक्सर ते आस्वान तीन-चार रात्री, वाटेत एडफू आणि कोम ओम्बोची देवळं. दर आटोक्यातला आहे. पण माझी मैत्रीण जाऊन आली तिने सांगितलं की धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात. सकाळी पडदा सरकवला की समोर नदीच्या जागी दुसऱ्या बोटीतल्या माणसाचा पडदा, आणि किनाऱ्यावर उतरायचं तर तीन परक्या बोटींच्या लॉबीतून चालत जायचं. एवढं ऐकलं आणि मी नाईल बाजूला ठेवली.

अंटार्क्टिकाचा मोह फार दिवस होता. अर्जेंटिनातल्या उश्वायाहून निघायचं, ड्रेक पॅसेज ओलांडायला दोन दिवस. तिथे नियम चांगले आहेत : पाचशेहून जास्त प्रवासी असलेलं जहाज माणसं किनाऱ्यावर उतरवतच नाही, आणि एका जागी एका वेळी शंभराहून जास्त माणसं उतरत नाहीत. काही कंपन्या एकट्या बाईला दुसऱ्या एकट्या बाईबरोबर केबिन देतात आणि जादा पैसे घेत नाहीत, हेही कळलं. पण मूळ दरच असा की फंडातला मोठा हिस्सा गेला असता. म्हातारपणाच्या आजारपणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

एकट्यांसाठी वेगळ्या छोट्या केबिन असलेली मोठी जहाजंही आहेत. २०१० साली 'नॉर्वेजियन एपिक'वर अशा १२८ केबिन बांधल्या, तेव्हापासून इतरही कंपन्यांनी ते उचललं. ही सोय मला मनापासून आवडली. पण मोठ्या जहाजाचा अनुभव मी भाच्याच्या कुटुंबाबरोबर एकदा घेतला होता, सिंगापूरहून निघालेल्या एका अवाढव्य बोटीवर. माझी केबिन वेगळी होती. रात्री खोलीत आले तर पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसवलेले, आणि उशाशी दोन चॉकलेटं. मुलगा रोज तेच करून जायचा. जेवायला रांगा, पोहायच्या तलावात पाय ठेवायला जागा नाही, दिवसभर कर्ण्यावरून कसली ना कसली स्पर्धा पुकारत असायचे. समुद्र बघायचा म्हटला तर बसायला खुर्ची मिळायची नाही, कारण प्रत्येक खुर्चीवर कोणीतरी सकाळीच टॉवेल टाकून ठेवलेला.

मग नॉर्वेच्या किनारी बोटीचं वेळापत्रक हातात आलं. हो, वेळापत्रक. बर्गनहून निघायचं, रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जायचं आणि परत यायचं, बारा दिवस. जाताना ३४ बंदरं. प्रत्येक बंदराची येण्याची वेळ, सुटण्याची वेळ. मध्यरात्री तीन वाजताचं बंदरसुद्धा त्यात, कारण तिथेही माल उतरवायचा असतो. हा मार्ग १८९३ साली रिशार्ड विथ नावाच्या कप्तानाने सुरू केला. त्याआधी त्रॉनहाइमहून हामरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिने लागायचे. बोट सुरू झाली आणि ते आठवड्यात पोचायला लागलं. त्या काळी तिकडे दीपस्तंभ मोजके, काळोखात बोट हाकायला कोणी धजत नसे. विथ आणि त्याच्या वाटाड्याने होकायंत्र, घड्याळ आणि वेग यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या आणि त्या नोंदींच्या भरवशावर रात्री बोट चालवली. हे वाचलं त्या दिवशी माझं ठरलं. जिच्या पोटात लोकांचं सामान आहे आणि जिला वेळेवर पोचायचं आहे, अशी बोट मला हवी होती. आज २०२१पासून दोन कंपन्या मिळून हा मार्ग चालवतात, सरकार त्यासाठी पैसे देतं, आणि किनाऱ्यावरची माणसं दोन बंदरांपुरतं तिकीट काढून चढतात-उतरतात. प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या पॅसेंजर गाडीसारखीच ती आहे. हिवाळ्यातल्या काही फेऱ्यांना एकट्यासाठीचा जादा आकार कमी असतो, कधी कधी नसतोच. मला मार्चची फेरी मिळाली. आतली, बिनखिडकीची केबिन घेतली, ती सगळ्यात स्वस्त. व्हिसासाठी तीस हजार युरोचा विमा काढावा लागतो, तो काढला. पेटीत लोकरीचे दोन थर आणि भाखरवडीची पाकिटं भरली आणि निघाले.

बर्गनला पाऊस होता. ऑलेसुंड, त्रॉनहाइम ही गावं छान आहेत आणि त्यांच्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय. उत्तर ध्रुववृत्त ओलांडलं त्या सकाळी डेकवर समुद्रदेवाचा वेष केलेल्या माणसाने सगळ्यांच्या मानेत बर्फ ओतला, माझ्याही. बोदोहून लोफोटेन बेटांकडे जाताना चारेक तास उघडा समुद्र लागतो. त्या दिवशी तो खवळलेला होता, जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवून ठेवल्या होत्या. स्वोल्वारला रात्री उतरले तर लाकडी मांडवांवर कॉड मासे जोडी-जोडीने वाळत घातलेले. आम्ही सीकेपी, त्या वासाने मला बरं वाटलं.

खरं लिहायचंय ते होनिंगस्वोगच्या पुढच्या संध्याकाळबद्दल. दुपारी बहुतेक प्रवासी नॉर्थ केपचा कडा बघायला बसने गेले. त्याचे पैसे वेगळे आणि पुष्कळ. मी धक्क्यावरच थांबले आणि माल चढता-उतरताना बघत राहिले. फोर्कलिफ्टवाला मुलगा बोटीच्या कुशीतल्या दारातून आत-बाहेर करत होता. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सोफा, कपडे धुण्याचं यंत्र, माशांच्या पेट्या, गाडीचे टायर. प्रत्येक नगावर चिठ्ठी. मी त्या चिठ्ठ्या वाचायचा प्रयत्न केला. नावं कळली नाहीत, पण जागा कळली : वर पाठवणाऱ्याचं नाव, खाली घेणाऱ्याचं. मी आयुष्यभर याच दोन ओळी तपासल्या आहेत.

पुढच्या बंदरावर, शेलेफ्योर्डला, एक बाई चढली. माझ्याहून वयाने मोठी, निळी लोकरी टोपी, हातात पत्र्याचा गोल डबा. कॅन्टीनमध्ये खिडकीपाशी माझ्यासमोर बसली, डबा मांडीवर ठेवला, टोपी काढून त्यावर ठेवली आणि इंग्रजीत विचारलं, "कुठवर?"

मी म्हटलं, किर्केनेस, आणि मग परत बर्गन. ती म्हणाली, "मी बेर्लेवोगपर्यंत." झालं. बरोबर कोण आहे, नवरा काय करतो, मुलं कुठे असतात, एकटीला भीती नाही वाटत का, यातलं काही आलं नाही. माझ्या शेजारची रिकामी खुर्ची तिला दिसतच होती. त्यावर तिने स्वतःची पिशवी ठेवली.

मग हळूहळू बोलणं निघालं. डोंगरावरचा रस्ता बर्फाने बंद झाला की बोटीशिवाय जायला दुसरी वाट नसते. बेर्लेवोगला धाकट्या बहिणीचा ऐंशीवा वाढदिवस, डब्यात केक. लहानपणापासून या बोटीने जात-येत आली. तिने बोटीच्या जुन्या कप्तानांबद्दल सांगितलं, मी प्रतापनगरच्या पार्सल ऑफिसबद्दल, आणि डभोईच्या छोट्या गाडीबद्दल, जी १८६२ साली सुरू झाली तेव्हा बैल ओढायचे. बैलांचं ऐकून तिने ते दोनदा विचारून घेतलं. मी भाखरवडी पुढे केली. पहिल्या तुकड्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने टोपीच्या लोकरीने डोळे टिपले आणि दुसरी उचलली.

मेहाम्न आलं, गेलं. बाहेर काळोख आणि वारा. दहाच्या सुमाराला बेर्लेवोग आलं. या बंदराला समुद्राचा मार थेट बसतो. आपल्या मुंबईला मरीन ड्राइव्हवर टाकलेत तसले सिमेंटचे चौपायी ठोकळे इथेही धक्क्याबाहेर रचलेत. इथेच दक्षिणेकडे जाणारी बोटही भेटते. आमच्या भाषेत हे क्रॉसिंग. दोन्ही बोटींनी भोंगे दिले, दोन्हीकडचे उतारू डेकवर येऊन हात हलवू लागले. मी कठड्याशी होते, पण माझं लक्ष खाली धक्क्यावर होतं.

एक बाई पायढकल खुर्ची घेऊन उभी होती. दोन लांब पोलादी पट्ट्या, त्यावर लाकडी बैठक, मागे दांडा धरून उभं राहायचं आणि एका पायाने बर्फावर ढकलत न्यायचं. तिकडच्या म्हाताऱ्या बायका हिवाळ्यात बाजारालाही तीच नेतात. माझी सहप्रवासी शिडी उतरली. बहिणींनी मिठी वगैरे मारली नाही. धाकटीने डबा हातातून घेतला, बैठकीवर ठेवला, पट्ट्याने बांधला, एकदा हलवून बघितला. मग थोरलीने दांडा धरला, धाकटी शेजारून चालू लागली. चार पावलं गेल्यावर थोरली थांबली, वळली, आणि माझ्या दिशेने हात वर केला. धाकटीनेही केला.

मला फार भरून आलं. कठड्याला धरून मी रडले, आणि त्याचं कारण मी नीट सांगू शकते. त्या संध्याकाळी मी एक उतारू होते, तीही एक उतारू होती. दोघींचं तिकीट एकेकीचं होतं आणि कोणाच्याही लेखी त्यात काही कमी नव्हतं. बडोद्यात माझी माणसं प्रेमाची आहेत, पण 'एकटी' म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. मोठ्या जहाजांच्या हिशेबात तर एकटं माणूस म्हणजे अर्धी रिकामी खोली.

किर्केनेस पाहिलं. परतीच्या वाटेवर उत्तरेचा हिरवा उजेड एका रात्री बराच वेळ दिसला. देवमासा दिसला नाही.

आता दांडिया बाजारातल्या दोघी-तिघी निवृत्त बायका माझ्याकडे येऊन बसतात, कागदपेन्सिल घेऊन. त्यांना मी सांगते की आधी फेरीचा जादा आकार विचारा, मग केबिन. दुप्पट म्हणाले तर तिथल्या तिथे नाही म्हणा आणि का ते लिहून पाठवा, मी दोन कंपन्यांना तसं लिहिलंय. आतली केबिन घ्या, दिवस वरच्या काचेच्या बैठकीत काढा. सहलींचे पैसे वाचवून थोडी जास्त फळं आणि कॉफी घ्या, कारण तिकडे कॉफीसुद्धा फार महाग आहे. आणि जाताना बेर्लेवोगला डेकवर जा. वादळ असलं तर मात्र बोट तिथे थांबत नाही, तशीच पुढे बोट्सफ्योर्डला निघून जाते.