दुसरा हंडा

लालबागच्या त्या चाळीत गेले तेव्हा हातातल्या कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं : कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट. हृदय आणि श्वास थांबला. ते प्रत्येक मृत्यूत होतं. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म नंबर ४ वर, छापलेलंच असतं की मरण कसं आलं ते नको, आजार लिहा. ओळ अ, खाली ब, खाली क. सगळ्यात खालचा मूळ आजारच आकडेवारीत धरला जातो. त्या ओळी कोऱ्या होत्या.

अशा कोऱ्या ओळी मीही सोडल्यात. कॅज्युअल्टीत पहाटे तीनला पुढचा पेशंट स्ट्रेचरवर असतो आणि ते दोन शब्द लिहिले की कुणी काही विचारत नाही. तेच मनात घर करून राहिलं, म्हणून पीएसएममध्ये, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याच्या शाखेत, एम.डी. केलं. "मेडिसिन मिळालं नाही का?" असं डॉक्टरसुद्धा विचारतात, तेव्हा राग येतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली हृदयविकाराच्या अभ्यासासाठी ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ जणांची नोंद सुरू झाली, त्यांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासलं, म्हणून आज रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल कुठलाही फॅमिली डॉक्टर विचारतो. आपल्याकडे हृदयविकाराचा पहिला झटका लवकर येतो, हेही मोजूनच कळलं : ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातलं सरासरी वय ५३ निघालं, बाकीच्यांचं ५९च्या आसपास.

हा माणूस ४४ चा होता.

घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण शोधायचं, याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. मुलाखती आमच्या सर्वेक्षणातली मुलं घेतात. त्यांतल्या काही मी स्वतः पुन्हा घेते. "छातीत दुखत होतं का?" असं आधी विचारायचं नाही, उत्तर आपणच त्यांच्या तोंडी घालतो. त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्यायचं. वेळ विचारली की बहुतेक घरांत "पहाटे कधीतरी" एवढंच मिळतं. वहिनी, म्हणजे त्या माणसाची बायको, म्हणाल्या, "साडेचारला पाणी येतं ना, तेव्हा. दुसरा हंडा लावला होता." छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाले, डावा हात चोळत बसले, बनियन घामानं चिंब. हंडा भरून वाहत होता, कुणी नळ बंद केला नाही. हॉस्पिटलात पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गेले.

मग न विचारता म्हणाल्या, "पंधरा दिवस जिन्यात थांबायचे. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहायचे, मग वर यायचे."

माझा पेन थांबला. हा अंजायना होता, हृदयाला रक्त कमी पडून होणारा त्रास, आणि आमच्या फॉर्मवर जिन्याला रकाना नाही. समासात लिहिलं. हे कागद दोन डॉक्टरांकडे वेगवेगळे जातात, मत जुळलं नाही तर तिसऱ्याकडे. समास कुणी वाचेल का, ही धास्ती मला आजही आहे.

दोन दिवस आधी ते एका दवाखान्यात गेले होते. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या.

"मॅडम, तेव्हा कार्डिओग्राम काढला असता तर वाचले असते का?"

"पहिला कार्डिओग्राम कधीकधी नॉर्मलही येतो," मी म्हटलं. हे खरं आहे. पण पंधरा दिवस जिन्यात थांबणाऱ्या माणसाला कुणी "चढताना त्रास होतो का?" एवढं तरी विचारायला हवं होतं, हेही तितकंच खरं, आणि ते मी बोलले नाही. मी ते वहिनींसाठी म्हटलं, की त्या डॉक्टरसाठी? की पित्ताचं इंजेक्शन देऊन मीच रात्री घरी पाठवलेल्या माणसांसाठी? महिना झाला, ठरत नाही.

वीस वर्षांचा मुलगा दाराशी उभा होता. त्याचं बीपी बघणं माझ्या कामात बसत नव्हतं, पण दुसऱ्या सर्वेक्षणाचं मशीन पिशवीत होतं. त्यानं नुकताच चहा घेतलेला, म्हणून अर्धा तास थांबले. दंड जाड, म्हणून मोठा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, काढला. लहान लावला तर आकडा उगाच वर जातो. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं. पहिलं रीडिंग सोडून पुढच्या दोनांची सरासरी १४८/९४ आली. एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरत नाही, आठवड्यानं परत मोजू, असं सांगितलं.

वहिनींनी आकडा पुन्हा विचारून घेतला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात, त्या तारखेच्या चौकटीत, लिहून ठेवला.