अर्धा नवस

घटस्थापना, सोमवार

पहाटे चारला जाग आली. फौज सोडून दहा वर्षं झाली, पण शरीराला अजून कुणी डिस्चार्ज बुक दाखवलेलं दिसत नाही. दाढी केली, बूट पुसले, मग अंधारात खुर्चीवर बसून राहिलो. घणसोलीच्या एका टॉवरला सिक्युरिटी सुपरवायझर आहे. ड्युटी आठची, मी साडेसातला हजर. रात्रपाळीचा पोरगा खुर्चीतून दचकून उठतो आणि उगाच ओशाळतो. त्याला दहादा सांगितलं की मी तपासणीला येत नाही, घरी बसवत नाही म्हणून येतो. त्याला ते पटत नाही.

घरी ही घट मांडत होती. माती तीन टाकीच्या बाजारातून आणलेली, वीस रुपयांना पिशवी. पत्रावळीवर ती पसरून गहू पेरता पेरता म्हणाली, "माती तरी गावची आणायची होती, अहो."

"राहिलं."

"तुमचं राहिलेलंच जास्त आहे."

पुढे दोघंही बोललो नाही. राहिलेलं म्हणजे काय ते दोघांना माहीत आहे.

तिसरी माळ

सोसायटीत गरबा. कमिटीतले एक गृहस्थ गेटवर येऊन हळूच म्हणाले, "मेजर, तुम्हाला आवाजाचा त्रास होत असेल ना? फटाके वगैरे वाजले की तुमच्या लोकांना..." माणूस चांगला आहे, विचारायला आला हेच खूप. पण हे सगळं सिनेमातून आलेलं. (आणि मी मेजर नाही, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या माण तालुक्यात फौजेतला शिपाईसुद्धा मेजरच असतो, तीच पद्धत इथे आली असावी.)

आवाजाचं मला काही होत नाही. मी तोफखान्यातला. आवाज हीच आमची नोकरी होती. १५५ मिलिमीटरची बोफोर्स शेजारी उभं राहून ज्याने ऐकली, त्याला डीजेचं काय! मला जड जातं ते दहा वाजता. पोलिसांची गाडी येते, सगळं एकदम बंद होतं, पोरी टिपऱ्या पिशवीत घालतात, आणि त्या शांततेत माझा डावा कान सुरू होतो. रातकिडा. १९९९ पासून तो एकही रात्र गप्प बसलेला नाही. कारगिलच्या लढाईत, द्रासला, आम्ही कानात कापसाचे बोळे घालायचो. तोफ तापली की बोळ्यांचं भान कुणाला राहतंय.

ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, तपासणीला पाठवलं होतं. तिथल्या बाईंनी आलेख दाखवला. रेघ सरळ येते, ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते, मग थोडी वर येते. म्हणाल्या, मोठ्या आवाजात काम केलेल्यांचा आलेख असाच येतो. नस गेली ती गेली, तिला औषध नाही. सवय करून घ्या. मी म्हटलं, मॅडम, सवय कधीच झाली, तक्रार आहे ती सवयीबद्दल. त्यांना कळलं नाही. मलाही पुढे सांगता आलं नाही.

ललिता पंचमी

संध्याकाळी धाकटा भाऊ ओढून भजनाला घेऊन गेला. आमच्या सेक्टरमधल्या विठ्ठल मंदिरात बसतात ते सगळे साताऱ्याकडचे, निम्मे एपीएमसीतले, म्हणजे बाजार समितीतले, माथाडी. दिवसभर गोणी वाहून खांदे सुजलेले, पण टाळ हातात आला की अंगात काय येतं कोण जाणे.

मला टाळ ऐकू येत नाहीत. खरंच. पखवाज छातीत वाजतो, बुवांचा आवाज येतो, पण टाळांच्या जागी नुसती हालचाल. माणसं हात आपटताहेत आणि आवाज कुणी काढून घेतलाय असं. ४००० हर्ट्झचा खड्डा म्हणजे हाच. मी हातांकडे बघून ठेका धरतो. परवापर्यंत लाज वाटायची, आज वाटली नाही.

भजन संपल्यावर बुवांना कानातल्या आवाजाचं सांगितलं. ते एकदम सरसावून बसले. म्हणाले, "अहो, हा अनाहत नाद! योगी लोक जन्मभर साधना करतात तेव्हा ऐकू येतो, तुम्हाला आयता मिळालाय." भाऊ तिथेच फिसकन हसला. मला मात्र गंमत वाटली. बाईंनी नस सांगितली, बुवांनी नाद सांगितला, गोळी दोघांनीही दिली नाही. पण रात्री उशीवर डोकं टेकलं तेव्हा पहिल्यांदाच तो आवाज मी शत्रू न समजता ऐकला. दोनेक मिनिटंच. मग परत रातकिडा.

देवाधर्माचं लिहायला घेतलंच आहे तर लिहूनच टाकतो.

फौजेत देव सोपा होता. रविवारी मंदिर परेड. परेड म्हणजे परेडच, कपडे ठरलेले, हजेरी घ्यायची. पंडितजींनासुद्धा रँक, नायब सुभेदार. एकाच छताखाली मूर्ती, गुरू ग्रंथ साहिब, काबा आणि क्रूस शेजारी शेजारी असलेली सर्वधर्म स्थळं मी पाहिली. कमांडिंग ऑफिसर स्वतः कुठल्याही धर्माचा असो, जवानांचा जो धर्म त्याच्या पूजेला तो पुढच्या रांगेत. तुझा विश्वास आहे का, असं चोवीस वर्षांत मला एकानेही विचारलं नाही. हजेरी होती, हजर होतो. बाहेर आल्यावर कळलं की इथे देवाचीही कमिटी असते, वर्गणीचे गट असतात, आणि आरतीचं ताट आधी कुणी धरायचं यावरून सख्खे शेजारी सहा महिने बोलत नाहीत.

नवस मात्र परेडचा नव्हता. तो माझा एकट्याचा.

जून १९९९. हायवेच्या कडेला आमच्या तोफा, आणि वर सुळक्यांवर बसलेल्यांना आम्ही ताटात वाढल्यासारखे दिसत होतो. ते तिथून बघून सांगायचे आणि पलीकडून त्यांचे गोळे आमच्यावर यायचे. मी लान्सनायक. एका दुपारी मोर्च्यात, म्हणजे खंदकात, पालथा पडलो होतो, तोंडात माती, आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं: शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवा, आमच्या तोफेवरचे सगळे सुखरूप घरी पोचू देत, मुंगी घाटातून कावड घेऊन येतो. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली चैत्रातली द्वादशी डोळ्यांपुढे आली असणार. तो उभा कडा, साखळी धरून एकमेकांना वर खेचणारी माणसं, आणि देवाला घरच्या पोरासारखं एकेरीत ओरडणं, "म्हाद्या, धाव!"

शेजारी आमचा लेअर. तोफेची नेम-दिशा लावणारा. बीडकडचा, एकवीस वर्षांचा. नाव लिहीत नाही, त्याच्या घरचे आहेत. त्याने विचारलं, "काय पुटपुटताय, उस्ताद?" सांगितलं. तर म्हणतो, "मग माझा वशिला वेगळा लावा, आमची तुळजापूरची आहे. तुमच्या महादेवाला माझा पत्ता नाही सापडायचा." तशातही हसला. मीही हसलो.

त्यानंतर अकराव्या दिवशी स्प्लिंटर लागला. त्यालाच. बाकी कुणाला ओरखडा नाही.

टायगर हिल ४ जुलैला घेतली. २६ जुलैला सगळं संपलं. आम्ही परत आलो, एक कमी. मी सुट्टीवर घरी आलो तेव्हा आईने विचारलं, काही बोलला होतास का देवाला? मी म्हटलं, नाही.

नवसात मी 'सगळे' म्हटलं होतं. सगळे आले नाहीत. मग माझं देणं लागतं की नाही? हिचं म्हणणं, लागतं, आणि दिलं नाही म्हणून झोप नाही. माझं म्हणणं, करार त्याने मोडला. गेली २६ वर्षं मी शिंगणापूरला पाऊल टाकलेलं नाही. कुलदैवत असून. घरी लग्नं झाली, जावळं झाली, सगळे जाऊन आले. मी दर वेळी ड्युटीवर.

आणखी एक गोष्ट आहे, ती हिलाही सांगितलेली नाही. पल्टनवाल्यांनी समोरचा माणूस पाहिला. आम्ही कुणालाच पाहिलं नाही. वायरलेसवर ओपीकडून, म्हणजे पुढे बसून नेम सांगणाऱ्या निरीक्षण चौकीकडून, आकडे यायचे, आम्ही गोळा चढवायचो. त्या लढाईत तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब, रॉकेट डागले असं नंतर वाचलं. त्यातले आमच्या तोफेचे किती, मोजले नाहीत. केलं त्याचा पस्तावा नाही, ते वर आमच्या जागेत येऊन बसले होते. पण त्या मोर्च्यातही कुणीतरी पालथं पडून काहीतरी बोललंच असेल. त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याचं ऐकलं नाही म्हणून मी आहे का, असा हिशेब मांडायला घेतला की रातकिडा वाढतो. म्हणून मांडत नाही.

खंडेनवमी

भावाने आपला हूक धुऊन, पुसून घटापुढे ठेवला. गोणीत अडकवायचा लोखंडी हूक, मूठ घासून गुळगुळीत झालेली. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी म्हणून तो सव्वीस वर्षं आहे. मी द्रासला होतो त्याच साली टोळीत लागला.

खंडेनवमी-दसऱ्याला फौजेत तोफांची पूजा व्हायची. पायदळाला निशाण असतं, तोफखान्याचं निशाण म्हणजे तोफच. आदल्या दिवशी बॅरल साफ, नळीला झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, आणि साहेब स्वतः कुंकू लावणार. आज माझ्याकडे पूजेला काय? शिट्टी, टॉर्च आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर. गेटवर गेलो तर त्या रात्रपाळीच्या पोराने बूम बॅरिअरला माळ घातलेली, आणि माझ्या टेबलावर शिट्टीला कुंकवाचं बोट. पुसलं नाही. दिवसभर शिट्टी फुंकताना ओठ लाल.

रात्री जेवताना भावाशी वजनाचा वाद. बोफोर्सचा गोळा साधारण ४३ किलोचा. तोफेला क्रेन असते, ती तीन-तीन गोळे उचलून ताटात ठेवते, पण ट्रकमधून उतरवून खड्ड्यापर्यंत न्यायचे ते हातानेच, आणि तेही दहा हजार फुटांच्या वर, जिथे नुसतं चाललं तरी दम लागतो. भाऊ म्हणाला, "माझी गोण पन्नासची. सात किलो मी जास्त."

मग एकदम म्हणाला, "दादा, टोळीतला एक माणूस आला नाही म्हणून गाडी भरलेली ठेवत नाय आपण. खाली करावीच लागती."

मी भाकरीकडे बघत होतो. हिने वाटीत आमटी वाढली, आणि भावाकडे अशी बघितली की हे तिनेच त्याला शिकवून ठेवलं होतं ते मला कळलं.

दसरा

यंदा नवरात्र दहा दिवसांचं झालं. घटातलं धान वीतभर वाढलंय, विकतच्या मातीत.

दर दसऱ्याला बीडला त्याच्या आईला फोन करतो. आधी शेजारच्या दुकानात करायचो, आता पुतण्याच्या मोबाइलवर. पंचाहत्तरी ओलांडली म्हातारीने. ऐकायला कमी येतं, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखंच. मी फोन उजव्या कानाला लावला आणि गच्चीवर गेलो, कारण ओरडावं लागतं.

"आई, सोनं घ्या. द्रासवाला बोलतोय."

"हां, बोल लेकरा."

ठरवून ठेवलेलं वाक्य होतं. तिला विचारायचं होतं. तिने नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता, हो म्हटलं असतं तरी संपला असता.

"आई, तेव्हा मी एक नवस बोललो होतो."

"पाऊस? काय सांगू बाबा, लई पाऊस. सोयाबीन समदं पाण्यात गेलं. नदी पार घरापातूर आली."

"पाऊस नाही आई, नवस! नवस!"

"हां, हां, थांबला आता. दोन दिस झाले, ऊन पडलंय."

तिसऱ्यांदा ओरडायचा धीर झाला नाही. समोरच्या गच्चीवरच्या बाई वाळत घातलेले कपडे सोडून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, जिवाला जपा. ती म्हणाली, "तू बी जप. तुझा कान वाजतुया का अजून? लसणाचं तेल कोमट करून घालत जा." आणि फोन पुतण्याकडे गेला. घरात गुडघाभर गाळ होता, पंचनामा व्हायचाय, असं तो म्हणाला. काही पैसे पाठवतो म्हटलं.

खाली आलो. "काय म्हणाल्या?" हिने विचारलं.

"पाऊस थांबला म्हणाल्या."

ती बघत राहिली. मी लसूण सोलायला घेतला.

संध्याकाळी भाऊ आपट्याची पानं घेऊन आला, पाया पडला. त्याला दाराशीच विचारलं, "शिंगणापूरची लहान कावड पाण्याने भरल्यावर किती वजनाची होते रे?"

त्याने आधी वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या गोळ्याएवढी नाय भरत. पण घाट हाय, दादा. गुडघे दाखवून घे आधी."