गिझरच्या पोटातला चुना

आठ दिवस आई गॅसवर पाणी तापवून जड पातेलं न्हाणीत नेत होती. बघवत नव्हतं. आज सुट्टी होती, गिझर उघडलाच.

लातूरला आमच्याकडे बोअरचं पाणी. नळांवर, बादल्यांवर पांढरा थर नेहमीचाच, पण टाकीच्या आत एवढं साचलं असेल असं वाटलं नव्हतं. मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, पाणी सोडून दिलं, नट काढले. एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, बाहेर येईचना! क्षार बसून इतकं जाड झालेलं. खरवडून खरवडून काढलं, तर मागून तांब्याभर चुन्याचे खडे. या थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापून जळते. २ किलोवॅटच्या एलिमेंटला २६ ओहमच्या आसपास रोध यायला हवा, मीटरवर काहीच आलं नाही, म्हणजे जळालेलंच. नवीन बसवलं. टाकीला गंजण्यापासून वाचवणाऱ्या मॅग्नेशियमच्या रॉडची नुसती तार उरलेली. तोही बदलला, गॅस्केटही.

आणि हे लक्षात ठेवा: टाकी भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्याशिवाय स्विच लावू नका, कोरडं एलिमेंट लगेच जळतं. थर्मोस्टॅट आता ६० अंशांवर ठेवलाय, जास्त तापवलं की क्षारही जास्त धरतो.

संध्याकाळी आईने नळ सोडला, धारेखाली हात धरला. "आलं रे गरम!"