शेवग्याच्या वाळक्या फांदीवरचं वर्ष

तान्हा पोळा

घरातले सगळे मारबतीची मिरवणूक पाहायला नागपूरच्या महाल भागात गेले. मी थांबले. पेरूखाली सातभाई पक्ष्यांचा नेहमीचा कलकलाट चालू होता, पण त्यात एक आवाज त्यांचा नव्हता. बारीक, सारखा, हट्टी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर खालच्या फांदीवर लांब शेपटीचं एक पिल्लू पंख थरथरवत बसलेलं. पाठ काळपट तपकिरी, पोट मळकट पिवळसर, डोक्यावर नुकता फुटू लागलेला तुरा. चातकाचं पिल्लू!

चातक स्वतःचं घरटं बांधत नाही. मादी आपलं निळं अंडं सातभाईंच्या निळ्या अंड्यांत घालून निघून जाते. सातभाई तर सगळं कुटुंब मिळून पिल्लं वाढवणारे, त्यामुळे या पिल्लाला एक सोडून तिघे-चौघे भरवत होते. एकाने हिरवी अळी आणली, फांदीवर दोनदा आपटली आणि पिल्लाने अशी चोच वासली की सातभाईचं डोकं आत जातं की काय असं वाटलं. गिळून होतं न होतं तोच पुन्हा ओरडा सुरू. दुसरा सातभाई नाकतोडा घेऊन हजर.

ढगाळ उजेड होता. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० वर नेली, शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली येऊ दिला नाही. फोटोत दाणे आलेत, येऊ देत. जूनमध्ये समोरच्या विजेच्या तारेवर ओरडणारा मोठा चातक टिपला होता. आफ्रिकेहून मोसमी वाऱ्यांसोबत तो इकडे येतो, पावसाच्या जरा आधी. आज ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. जूनचा फोटो दिसायला कितीतरी देखणा आहे, पण आजच्या फोटोवाचून तो अर्धाच राहिला असता. म्हणूनच मी फोटो महिन्यांप्रमाणे लावते. सुंदर वेगळे, बाकीचे वेगळे असं करत नाही.

कोजागिरीनंतर

थिरथिरा आला. शेवग्याच्या शेंड्याला जी वाळकी फांदी आहे तिच्यावर सकाळी साडेसहाला बसला होता. काळी छाती, विटकरी पोट आणि सारखी थरथरणारी शेपटी. हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून हे पक्षी हिवाळ्यापुरते खाली येतात आणि एप्रिलपर्यंत परततात. पायात ओळखीची कडी नाही, तेव्हा हा मागच्या वर्षीचाच, असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण बसला त्याच फांदीवर, आणि उतरला तोही धुणं धुवायच्या दगडावरच.

ती फांदी म्हणजे आमच्या सांदवाडीतली, घरामागच्या अंगणातली, सगळ्यांत वर्दळीची जागा. पानं नसल्यामुळे पक्ष्याला चौफेर दिसतं आणि मला पक्षी दिसतो. वेडा राघू तिथूनच माशीवर झेप घेतो, होले जोडीने उन्हाला बसतात, दयाळ संध्याकाळी तिथेच येतो. शेजारच्या काकू मात्र येता-जाता विचारतात, "काहून ठेवली वं ती लाकडं झाडावर? तोडून टाक नं." मी हसून वेळ मारून नेते.

शिंजीर सध्या ओळखू येत नाही. उन्हाळ्यात जांभळा-काळा चमकणारा नर आता मादीसारखा पिवळट झालाय, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ, काजळाचं बोट ओढावं तशी. विणीचा हंगाम संपला की तो ही चमकती पिसं टाकतो आणि हिवाळाभर हळूहळू नवी आणतो. कॉलनीतले कित्येक जण याला वेगळाच पक्षी समजतात. या वर्षी मी ठरवलंय की जास्वंदीवर येणाऱ्या नराचा दर आठवड्याला एक तरी फोटो काढायचा, एकाच जागेवरून, सकाळच्या एकाच वेळी. पिसं कुठून बदलायला लागतात ते मला डोळ्यांनी पाहायचंय.

५ नोव्हेंबर

आज जंगल आणि पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. १९३२ चा त्यांचा जन्म. १२ नोव्हेंबर पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा, १८९६ चा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्ली गेले ते १८ जून २०२५ ला. वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट असं विदर्भाचं जंगल त्यांनी पायाखाली घातलं आणि ते मराठीत आणलं. आमच्या घरात पक्ष्यांची मराठी नावं तोंडात बसली ती त्यांच्यामुळे.

गल्लीतली मुलं संध्याकाळी आली होती. त्यांना सालिम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ही कुठली चिमणी हे विचारायला ते मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पुढे आयुष्यभर पक्षीच. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आपल्या नागपुरातही आहे म्हटल्यावर एक पोरगं लगेच म्हणालं, "मग दाखवा नं, काकू." उन्हाळ्यात ये म्हटलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी

सकाळी आधी दुर्बीण घेतली, कॅमेरा नाही. काल दिवसभर पतंग उडत होते आणि मला भीती होती तेच झालं. नायलॉन मांजाचा गुंता शेवग्यात आणि त्याच्या एका टोकाला पिंगळा लटकलेला. बंदी आहे, पोलीस पकडतात, दर वर्षी माणसांचे गळे कापल्याच्या बातम्या येतात, तरी हा मांजा येतोच. सुती दोरा ताणला की तुटतो आणि पुढे कुजूनही जातो. नायलॉन तुटत नाही. पक्षी जितका फडफडतो तितका तो मांसात जातो.

शिडी लावून मोठ्या मुलाने तो उतरवला. मांजा ओढायचा नाही, पक्ष्यापासून वीतभर लांब कापायचा, एवढं आम्हाला माहीत आहे. जुन्या ओढणीत गुंडाळला तेव्हा त्याचे पिवळे डोळे माझ्या तोंडावरून हलेनात. उजव्या पंखाच्या सांध्याशी दोरा रुतला होता. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवला आणि सेमिनरी हिल्सवर वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, जखमी पक्षी-प्राण्यांच्या दवाखान्यात, नेला. तिथे आमच्या आधीच रांग होती. कुणाकडे पारवा, कुणाकडे बगळा, एका बाईंच्या मांडीवर टोपलीत घार. डॉक्टरांनी पंख ताणून पाहिला, हाड शाबूत आहे म्हणाले. टाके पडले. काही दिवस ते ठेवून घेतील.

परत आल्यावर दुपारभर बांबूला आकडी बांधून झाडातला मांजा काढला. वाळक्या फांदीला सगळ्यांत जास्त गुंडाळला होता. निघालेला सगळा मांजा बारीक तुकडे करून मग कचऱ्यात टाकला.

फोटो आज एकही नाही.

जानेवारीअखेर

हा उजेड वर्षात पुन्हा मिळत नाही. सूर्य पावणेसातनंतर उगवतो तो आग्नेयेकडून, शेजारच्या टाकीच्या बाजूने, आणि दहापर्यंत तिरपाच राहतो. जास्वंद नेमकी त्या उन्हात येते. उन्हाळ्यात हेच ऊन साडेसातलाच टोचायला लागतं.

शिंजिराचे आठवड्याचे फोटो आज ओळीने लावले. डिसेंबरच्या सुरुवातीला पंखाच्या वर, खांद्यापाशी निळा ठिपका. मग पाठीवर दोन-तीन. नाताळात छाती अशी कबरी की नवीन माणसाला पक्षी आजारी वाटावा. आज फक्त पोटाखाली थोडं पिवळं उरलंय. रोज पाहिलं असतं आणि फोटो नसते, तर हे मला कळलं नसतं. बदल इतका सावकाश होतो की रोजच्या डोळ्याला तो कालच्यासारखाच दिसतो.

त्याची चमक पकडणं हे वेगळंच काम आहे. तो जांभळा-निळा म्हणजे पिसांतला रंग नाही. पिसांच्या बारीक रचनेवरून उजेड परततो तेव्हा तो रंग दिसतो. ऊन माझ्या पाठीमागे असेल आणि पक्ष्याने मान जराशी वळवली तरच छाती पेटते, नाहीतर नुसता काळा. त्यातून काळा पक्षी पाहून कॅमेरा चित्र उगाच उजळवतो, म्हणून एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, थोडं खाली ओढते. फुलापुढे तरंगत असेल तर शटर १/२०००. जीभ मधात जाते तो क्षण त्याहूनही चपळ असतो.

फेब्रुवारी, शिवरात्रीच्या सुमारास

शेवगा फुललाय आणि अंगणात बसवत नाही इतकी गडबड आहे. शिंजीर आता पुरा काळा-जांभळा. चष्मेवाले पक्षी थव्याने येतात. समोरच्या मैदानातल्या सावरीवर भोरड्या उतरल्यात, मध्य आशियातून आलेल्या, गुलाबी अंग आणि काळं डोकं. फुलांतला मध पिऊन त्यांच्या कपाळावर पराग माखतो.

तांबट सकाळपासून टुक् टुक् टुक् लावतो. लोहाराचा हातोडा पडावा तसा हा ठोका. त्याने वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला नवी ढोली कोरायला घेतली आहे. फांदी मेली म्हणूनच तिचं लाकूड कोरण्याजोगं मऊ झालंय. चोचीत भुसा भरून तो मान बाहेर काढतो आणि झटक्यात उडवतो. तो भुसा उन्हात उडताना मला हवा होता, आणि आज मिळाला. कपाळ लाल, डोळ्याभोवती पिवळं, आणि हवेत सोन्यासारखे कण. या वर्षी याहून चांगला फोटो झाला नाही तरी चालेल. तिथून हातभर वर मागच्या वर्षीची ढोली आहे, सध्या रिकामी.

जगभर चार दिवस अंगणातले पक्षी मोजतात ते याच महिन्यात. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं आणि दिसेल ते नोंदवायचं. शेजारच्या काकूंच्या नातवाला बसवलं. तो चिमण्या मोजता मोजता दमला, पण उठला नाही.

शिंजिराची मादी लिंबावर घरटं विणतेय. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, सुकी पानं, आणि सगळं लोंबतं. नर बाजूला बसून गातो, विणायचं काम तिचं एकटीचं. ते टिपायला मी जवळ जात नाही. आडवं येणारं पान कुणी दूर केलं की टकाचोर आणि कावळ्याला वाट मोकळी होते. घरट्याचे सुंदर फोटो पाहिले की मला आधी त्या कापलेल्या डहाळ्या आठवतात. मी खिडकीतूनच पाहते.

नवतपा

मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. सकाळी सहापासून खिडक्या बंद, कूलरच्या ताट्या ओल्या. दुपारी फोटो काढणं व्यर्थ. तापलेल्या हवेतून पक्ष्याची कडाच लवलवते. शिवाय नागपुरात २६ मेच्या सुमारास सूर्य मध्यान्हीला थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. अशा उजेडात पक्ष्याची पाठ पांढरी आणि पोट काळं. जे काही करायचं ते सात वाजायच्या आत.

मातीचे परळ तीन ठेवलेत, सावलीत, वेगवेगळ्या उंचीवर. रोज घासून पाणी बदलते, नाहीतर त्यात शेवाळ आणि डास. पक्ष्यांना घाम येत नाही. साळुंक्या चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून बसतात आणि गळा भराभर हलवतात, तेवढीच अंगातली उष्णता जाते. एका परळाशी आज शिक्रा, छोटा शिकारी पक्षी, उतरला. बुलबुल, होले, सातभाई सगळे एका क्षणात गायब. तो मात्र पोटापर्यंत पाण्यात शिरला आणि तसाच बराच वेळ उभा राहिला.

आणि तांबटाच्या मागच्या वर्षीच्या त्या ढोलीत रानचिमणीची जोडी आहे! मादी चोचीत कुणाचे तरी केस घेऊन आत गेली. नर समोर वळला तेव्हा गळ्यावरचा पिवळा डाग स्पष्ट दिसला. बाजूने पाहिलं तर साधी मातकट चिमणी, कुणी ढुंकून पाहणार नाही. नातवाला हाक मारली. नोव्हेंबरातलं ते पोरगं म्हणजे हाच. दुर्बिणीतून पाहून म्हणाला, "खरंच आहे की." मग चपला न घालता तापलेल्या फरशीवरून घरी पळाला, आजीला बोलवायला.

मृगाच्या आधी

पावसापूर्वी फांद्या छाटायला दरवर्षीचे भाऊ आले. काकूंनीच पाठवले होते. तारेला टेकणारी फांदी, गच्चीवर आलेली फांदी, सगळं कबूल. वाळक्या फांदीला त्यांनी कोयता लावायच्या आत मी खाली उभी राहून ढोली दाखवली. आतून पिल्लांचा आवाज येत होता, तो त्यांनाही ऐकू गेला.

ते म्हणाले, "ताई, वादळात पडली तं खाली माणूस असू शकते." बरोबर आहे. फांदीखालची खाट आणि सायकली हलवल्या, धुण्याची दोरी दुसरीकडे बांधली. टोकाकडचा, ढोलीच्या पुढचा लांब भाग वजन कमी करायला छाटायचा आणि ढोल्यांपर्यंतचा खुंट ठेवायचा, असं आमचं ठरलं. त्यांनी हातकरवतीने, दणका न बसू देता ते कापलं. तासभर तरी लागला. वरून उतरल्यावर त्यांनी जास्तीचे पैसे मागितले आणि मी दिले.

काकू कुंपणापाशी उभ्या होत्या. "पिल्लं उडाली की मंग?" त्यांनी विचारलं.

"मग थिरथिरा यायचाय," मी म्हटलं.